ओळखीची बँक

कुलूपवाल्याला प्रत्येक गिऱ्हाईक आधी एकच विचारायचं, "असलं कुलूप याआधी कधी उघडलंय का?" त्याच्या डोक्यात तिडीक जायची.

बावीस वर्षं भाड्यानं चालवलेलं दुकान मालकानं विकायला काढलं आणि त्याला ते विकत घ्यायला तीन महिन्यांची मुदत दिली. सरकारी हमीवर कर्ज मिळणार होतं. बायको म्हणाली, "कोपऱ्यावरच्या बँकेत जा. तिथली बाई खडूस आहे, व्याजही जास्त लावते, पण असली कर्जं ती रोज करते."

तो उखडला. "आपल्या बँकेत आपलं जुनं खातं आहे. साहेब चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत!"

चहा मिळाला. फाईल मात्र तीनदा परत आली, दरवेळी भलताच फॉर्म भरला म्हणून. शेवटी साहेब ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? असलं कर्ज मीसुद्धा पहिल्यांदाच करतोय."

तोवर मुदत टळली आणि दुकान परक्या माणसानं घेतलं. नव्या मालकाला इथली कसलीच माहिती नव्हती. त्यानं शटरचं कुलूप बदलायला जवळचाच कुलूपवाला बोलावला आणि विचारलं, "असलं कुलूप याआधी कधी उघडलंय का?"

"रोज," असं म्हणून कुलूपवाला आपल्याच जुन्या शटरपुढे उकिडवा बसला.