डावी विंग

कूलरचा वाळा भिजला की मला लखनौचं ते जुनं थिएटर आठवतं. सत्तरच्या दशकात तिथे एसी नव्हता. दारांना वाळ्याचे पडदे असत आणि माळी त्यांवर पाणी मारत राही. आत वेताच्या खुर्च्या, वर बायकांसाठी जाळीचा सज्जा, व्हरांड्यात पाण्याच्या सुरया. महाराष्ट्र दिनाला आमचं मराठी मंडळ तिथे नाटक करायचं.

आई नाटकात काम करायची आणि बाबा डाव्या विंगेत प्रॉम्प्टिंगला उभे असायचे. बाबा गेले, त्यानंतरच्या मे महिन्यातही तिने काम केलं. मी पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या अंकात ती बोलता बोलता थांबली आणि डाव्या विंगेकडे बघत राहिली. नवे प्रॉम्प्टर जोशीकाका उजवीकडे होते. त्यांनी वाक्य दिलं, मग जरा मोठ्याने दिलं. आई हलली नाही. मराठी न कळणाऱ्या मिश्रा आंटी माझ्या कानात म्हणाल्या, "क्या ऐक्टिंग करती हैं तुम्हारी मम्मी." मागून टाळ्या पडल्या. शेवटी समोरच्या नटाने प्रसंग सावरला.

आई पुन्हा नाटकात उतरली नाही. मंडळात म्हणत, बिचारीच्या आता लक्षात राहत नाही.

थिएटरमध्ये आता मऊ खुर्च्या आहेत, लिफ्ट आहे, वाळा नाही.

आई ज्या वाक्याशी थांबली, ते त्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना ती सारखी म्हणत होती, एकदाही न अडखळता. ऐकून ऐकून मलासुद्धा पाठ झालं होतं.