उपड्या परातीवरची ग्रहमाला

शिक्षकांच्या खोलीत किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. चार माणसे एकत्र बसली आणि त्यांतल्या एकाला खोटे बोलता येत नसले, की ते आपोआप साठतात. नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या शाळेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खोटे न बोलणारी ती व्यक्ती म्हणजे विज्ञानाच्या शिंदेबाई. मी तिथे संस्कृत शिकवत असे.

*

बाई सातवीला ग्रहमाला शिकवत होत्या. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ खडकाळ. गुरू, शनी आणि पुढचे दोन वायूचे. मखमलाबादकडे भाजीचा मळा असलेल्या घरातली मनीषा माळी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, असं का?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. शोधून सांगते."

वर्गासमोरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे ऐकले. बाई नोकरीत अजून कायम व्हायच्या होत्या. डिसेंबरात शिक्षणाधिकारी त्यांचा पाठ पाहणार आणि त्यावर निर्णय होणार होता. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितले, की अज्ञान असावे, पण ते वर्गात उघडे करू नये. बाईंनी मान खाली घातली, आणि पाठासाठी नेमका तोच प्रश्न निवडला!

*

शारीरिक शिक्षणाच्या काळे सरांना उत्तर तत्काळ सुचले. चहा ढवळत ते म्हणाले, "सोपं आहे हो. वायू हलका. सुपातून कोंडा उडतो, तसा तो बाहेर उडाला. दगड जड, ते आत राहिले."

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

बाईंनी शांतपणे विचारले, "मग सूर्य तर वायूचाच आहे. तो मधोमध कसा, सर?"

काळे सर चहा ढवळतच राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

*

माझे उत्तर त्याहून सोपे होते. मी म्हणालो, ही ईश्वराची योजना आहे. तिला का म्हणून विचारू नये.

बाई नम्रतेने म्हणाल्या, "सर, योजना त्याचीच. मी फक्त कृती विचारते आहे."

त्या संध्याकाळी देवापुढे बसल्यावर माझ्या लक्षात आले, की मी देवाचे नाव माझा आळस झाकायला वापरले होते. दुसऱ्या दिवशी मी बाईंची क्षमा मागितली आणि ग्रंथालयातले दोन जाड ग्रंथ स्वतः वाहून आणून दिले. त्यांत उत्तर होते. सातवीच्या मुलांना कळेल असे मात्र नव्हते.

*

त्याच आठवड्यात मनीषाची आई तक्रार घेऊन आली. पोरगी घरी प्रत्येक गोष्टीला "का" विचारते. कामाचा खोळंबा होतो.

"काल लाडू वळताना मागं लागली, ताट लांब का ठेवलं म्हनून. आता बाई, चुलीपाशी तूप थिजतं का? पातळ होऊन निघून जातं. नुसत्या रव्याचा लाडू वळंल का? लांब थंडीत ठेवलं तर तूप धरतं, मंग लाडू लय मोठा होतो. एवढं बी कळू नाय?"

बाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटले, त्या मुलीची बाजू घेतील. त्यांनी त्या माउलीला वाकून नमस्कार केला.

ती गोंधळून म्हणाली, "म्हंजे आता ती घरी इचारनार नाय ना?"

*

उपड्या परातीवर तूप-रव्याचे ग्रह वळून दाखवायचे बाईंनी ठरवले. रंगीत तालीम दुपारी झाली आणि फसली. उन्हात तूप परातीच्या कडेलाही थिजेना. मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "हा वर्ग आहे, भटारखाना नव्हे." पाठ रद्द करण्याचा त्यांचा विचार दिसला. मी सांगितले, की तूप माझ्या घरचे आहे आणि जबाबदारीही माझी. पाठ मात्र सकाळच्या पहिल्या तासाला ठेवा. नाशिकची थंडी उरलेले काम करील.

*

अधिकारी सकाळी सातला आले. बोटात शनीसाठी घातलेला नीलम, चेहऱ्यावर एकही रेषा नाही. ते मागच्या बाकावर बसले.

बाईंनी उपड्या परातीच्या मध्याखाली स्पिरिटचा दिवा लावला आणि परातीवर सगळीकडे तूप-रवा पसरला. मध्याजवळचे तूप वितळून उतारावरून निघून गेले. रवा तेवढा उरला. कडेचे तूप थिजलेलेच होते.

बाई म्हणाल्या, "सूर्याजवळ पाण्याचे बर्फ टिकले नाही. घट्ट उरले ते खडक आणि धातू, तेही थोडेच. म्हणून ग्रह लहान. दूर थंडीत बर्फही घट्ट राहिले, म्हणून गोळे मोठे झाले."

मनीषाने मध्याजवळच्या रव्याच्या सुपारीएवढ्या चार गोळ्या कशाबशा दाबून बसवल्या. कडेच्या तूप-रव्याचे गुरू, शनी आणि पुढचे दोन असे चार मोठे लाडू वळले. मग सर्व खोबऱ्याच्या किसात घोळवले. मोठ्यांवर कीस जाड बसला. कोरड्या गोळ्यांना जेमतेम चिकटला.

"हा कीस म्हणजे वायू," बाई म्हणाल्या. "इथे तो चिकटला. तिथे मोठ्या गोळ्यांनी तो गुरुत्वाकर्षणाने ओढून धरला. हा फरक विसरू नका."

अधिकाऱ्यांनी विचारले, "हे पुस्तकात कुठे आहे?"

बाई बोलण्याआधी मनीषा उभी राहिली. "पुस्तकात कोणता ग्रह कसा ते हाय, साहेब. का ते नाय."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

अधिकारी परातीजवळ आले आणि मनीषाला म्हणाले, "म्हणजे आपल्या पृथ्वीच्या वाट्याला कमीच आले म्हणायचे."

"लाडू बारीक झाला साहेब," ती म्हणाली, "पन त्याच्यावर उभं राहता येतं."

अधिकाऱ्यांनी कागद टेबलावर ठेवला, "कायम करावे" असे लिहिले आणि खाली सही केली. पेनाचे टोपण सावकाश लावले. मग नीलमच्या अंगठीचा तो हात त्यांनी परातीकडे नेला, शनी उचलला आणि खाल्ला.