मापाच्या वहीतलं पहिलं पान

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी "तुझं माप चुकलं" म्हणालं, तर ती त्या माणसाशी आठ दिवस बोलत नाही. मी एकदा म्हणाले होते, तर महिना गेला, आणि मी सख्खी बहीण! चाळीस वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. खिडकीशी मशीन, खुंटीवर टेप आणि मशीनच्या खणात मापांची जाडजूड वही. अर्ध्या गल्लीची कंबर, छाती, खांदे त्या वहीत आहेत. ती वही माझ्या हाती लागली असती तर मी कितीजणांना गप्प बसवलं असतं! पण ताई ती कुणाला दाखवत नाही.

वहीतलं पहिलं पान भावोजींचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि नखशिखांत मोजलं. तेव्हापासून त्यांचा एकूण एक कपडा त्या पानावरून शिवला गेला. पुन्हा टेप लावायची तिला गरजच वाटली नाही. "यांचं माप मला झोपेतही येतं," म्हणायची. भावोजी ताडमाड उंच, कमी बोलणारे, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी चिडवायची, "काय भावोजी, कुणाशी दोन हात करायला निघालात?" ते नुसते हसायचे.

मागच्या वर्षी हे भावोजी बाथरूममध्ये पडले. जुनी बाथरूम, आत उतरायला एक पायरी, खाली गुळगुळीत फरशी. खुब्याचं हाड मोडलं आणि डाव्या खांद्यालाही मार बसला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चालतील हळूहळू, पण ती बाथरूम आधी बदला. पायरी काढा, खरखरीत फरशी घाला, कमोडशेजारी धरून उठायला दांडी बसवा. ते होईपर्यंत दोघं माझ्याकडे राहायला आली.

माझ्या घरात बाथरूम स्वयंपाकघराला लागून. दार असं पातळ की आतला श्वाससुद्धा बाहेर ऐकू यावा. भावोजींना एकट्यानं उठता येत नव्हतं, म्हणून ताई आत जायची आणि दार नुसतं लोटलेलं असायचं. मी बाहेर उगाच भांडी वाजवत बसायची, नळ सोडून ठेवायची. त्यांना कळत होतं मी का वाजवतेय ते. बाहेर आले की माझ्याकडे बघायचे नाहीत. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, त्यानं माझ्याच घरात मान खाली घालून चालावं, हे मला बघवत नव्हतं.

मग त्यांनी पाणी पिणंच सोडलं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. पेला भरून ठेवावा, तासाभरानं तो तसाच. "तहान नाही गं." ओठ सुकले, ताप आला, लघवीला जळजळ व्हायला लागली. डॉक्टरांनी ताईलाच धारेवर धरलं, माणसाला पाणी देता की नाही म्हणून. घरी आल्यावर ताई रडली आणि मग चिडली. "अहो, मारायचंय का मला?"

भावोजी म्हणाले, "मला माझ्या घरी, आतून कडी लावून, एकट्याला जाता येऊ दे. मग बादलीभर पितो."

"पंधरा दिवसांत," ताई म्हणाली. शब्दच दिला तिनं.

आता त्या ठेकेदाराची गोष्ट. माणूस बोलायला गोड. पहिल्या दिवशी बाथरूम बघून म्हणाला, "ताई, पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले." बोलता बोलता भिंतीवर पंजा पसरून वीत टाकत चालला. एक वीत, दोन वीत, तीन वीत आणि दोन बोटं. ताई बघतच राहिली. "तुमच्याकडे टेप नाही?"

"आहे की गाडीत. पण वितेनं अंदाज येतो."

अंदाज! ताईसमोर! मला वाटलं आता हा जातो बाहेर. पण दुसरा जो आला होता तो महिनाभर मोकळा नव्हता, म्हणून नाइलाजानं यालाच काम दिलं.

चार दिवसांत त्याच्या माणसांनी सगळं फोडून ठेवलं आणि पाचव्या दिवसापासून हा गायब. फोन केला की पहिल्याच घंटेला उचलायचा आणि म्हणायचा, "आलोच!" बस, एवढंच. कधी "आलोच ताई," कधी "हा काय, आलोच." संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. भावोजींनी त्याचं नावच 'आलोच' ठेवलं. त्या दिवसांतला तेवढाच एक विनोद. ताई फोन कानाला लावायची आणि भावोजी खाटेवरून त्याच्याआधी म्हणायचे, "आलोच!"

मी आणि ताई रोज तिकडे जायचो. बाथरूममध्ये नुसता खड्डा. खाली जुना पाइप कुजलेला निघाला, तो बदलण्यात आठवडा गेला. फरशी आली ती भलत्याच रंगाची, परत गेली. नवा कमोड प्लॅस्टिकसकट पुढच्या खोलीत, ताईच्या मशीनला टेकून. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की आधी त्या कमोडला वळसा घालायचं. मशीनवर, कापडांवर, वहीवर सगळीकडे सिमेंटची धूळ. पंधरा दिवसांचे पस्तीस झाले. तिकडे भावोजी दिवसाला दोन पेले पाण्यावर आलेले, तेही ताईनं डोळे वटारल्यावर.

एकदा त्याला गाठलंच आम्ही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तोंडाला येईल ते बोलले. माझं संपल्यावर तो ताईला म्हणाला, "ताई, दांडी कुठं बसवायची त्याचं एकदा बघू. काकांना आणा, कमोडवर बसवू आणि खूण करू. पाच मिनिटांचं काम."

ताईनं मशीनचा खण ओढला, वही काढली, धूळ झटकली आणि पहिलं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. कमरेपासून जमिनीपर्यंत किती, हात किती, खांदा किती, सगळं होतं त्यात. हिशेब करून तिनं एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. "अडतीस इंच. इंचाचा फरक पडला तर बघा. आणि टेपनं मोजा, वितेनं नको."

"तरी एकदा बसवून..."

"तुम्ही आधी वेळेवर यायला शिका," मी म्हणाले, "मग आम्हाला शिकवा."

त्यानं चिठ्ठी खिशात घातली. आज ते वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

पन्नासाव्या दिवशी बाथरूम झाली, आणि खोटं कशाला बोलू, झाली ती देखणी झाली. पायरी गेली, फरशी पायाला धरणारी, दाराला नवीकोरी पितळी कडी. दांडी बरोबर अडतीस इंचांवर. ताईनं स्वतः टेप लावून बघितला. आलोच त्या दिवशी चक्क हजर होता, नळाचं काहीतरी आवळत होता. भावोजींना घेऊन आम्ही आलो. त्यांनी काठी टेकत सगळं पाहिलं, दांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही सगळे पुढच्या खोलीत जा."

गेलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ताईनं माझा हात दाबला. तिचे डोळे भरले होते.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताई दाराशी गेली. "अहो, झालं का?"

"आलोच," आतून आवाज आला.

आम्ही हसलो. आलोचसुद्धा हसला. आणखी पाच मिनिटं गेली. ताईनं पुन्हा हाक मारली. "आलोच." या वेळी आवाज बारीक होता, धाप लागलेला. तिसऱ्या हाकेला नुसतं कण्हणं आलं आणि काठी पडल्याचा आवाज. ताई दारावर धक्के मारायला लागली. "अहो, उघडा! देवा, पडले की काय! उघडा हो!"

आलोचनं तिला बाजूला केलं. खिशातून पेचकस काढला, कडीच्या खाली एक खाच होती त्यात घालून फिरवला आणि दार उघडलं.

भावोजी पडले नव्हते. कमोडवरच बसले होते, घामानं थबथबलेले. उजवा हात वर, दांडीला धरलेला. हात पोचत होता, पण इतक्या उंचावर त्या हाताला जोर लागत नव्हता आणि डावा खांदा तर निकामीच होता. पंधरा मिनिटं तो माणूस लटकून लटकून उठायचा प्रयत्न करत होता आणि आम्ही बाहेर हसत होतो. ताईनं त्यांच्या मांडीवर पंचा टाकला.

भावोजींनी आधी कडीकडे बघितलं. "म्हणजे ही कडी खोटीच?"

"खरी आहे, काका," आलोच म्हणाला. "आतून लागते ती लागतेच. वेळ आली तर बाहेरून उघडायची. ताई ओरडतील म्हणून सांगितलं नव्हतं."

ताई मात्र कडीकडे बघत नव्हती. ती भावोजींकडे बघत होती. वर धरलेल्या हातावरून दुमडलेली बाही सुटून खाली आली होती आणि बोटांच्या टोकापर्यंत पोचली होती. शिवण खांद्यावरून दंडावर उतरलेली. हा शर्ट तिनंच चार महिन्यांपूर्वी शिवला होता, पहिल्या पानावरून.

"हा इतका ढगळ कधीपासून होतोय तुम्हाला?"

भावोजी कडीकडेच बघत राहिले.

"सांगा ना हो!"

"झाली असतील दहा वर्षं," ते म्हणाले. "बाह्या दुमडल्या की चालतं."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तू इतक्या हौसेनं ते पान सांभाळलंस. म्हटलं, राहू दे."

ताई तिथंच ओल्या फरशीवर बसली. "चाळीस वर्षं मी माणसं उभी करून मोजली," एवढंच म्हणाली. आरोप आलोचवर करता आला असता तर तिला किती बरं वाटलं असतं! मलाही.

आलोच खाली वाकला. भावोजींना म्हणाला, "काका, हात सैल सोडा. आता सांगा, कुठं धरलं तर उठता येईल?" भावोजींनी भिंतीवर तळवा टेकला. आलोच जमिनीपासून त्या तळव्यापर्यंत पंजा पसरत गेला. एक वीत, दोन, तीन आणि वर चार बोटं. मग ताईकडे बघून घाईघाईनं म्हणाला, "टेप आणतो गाडीतून."

"नको," ताई म्हणाली. "वीतच राहू दे. काढा ती दांडी, आत्ता."

त्यानं आणि मी धरून भावोजींना बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं. आतून ड्रिलचा आवाज सुरू झाला. ताईनं वही काढली, पहिलं पान उलटलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, तीन वीत चार बोटं. तिच्या वहीत इंच सोडून दुसरं काही मी पहिल्यांदाच बघितलं. मग खुंटीवरून टेप घेतला आणि भावोजींच्या पुढ्यात उभी राहिली.

"उठू का?" त्यांनी विचारलं.

"नका उठू. बसूनच राहा."

बसल्या बसल्या तिनं त्यांना मोजलं. खांदा, हात, मनगट. प्रत्येक आकडा तिनं त्याच पानावर, वितेच्या खाली लिहिला. लिहून झाल्यावर ती आत गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली.

भावोजींनी पेला हातात घेतला. ड्रिल थांबलं होतं. त्यांनी आतल्या दिशेनं कान दिला, अर्धं पाणी प्यायले आणि पेला मशीनवर ठेवला.

"बाकीचं?" ताईनं विचारलं.

"आधी एकदा आत जाऊन उठून बघतो," भावोजी म्हणाले. "मग पितो."