गोफणीच्या टप्प्यात

"मेंढरांचं काय, ती कुठूनबी जातील," असं ग्रामसभेत एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथंच.

विषय गायरानाचा होता. कळंब-वाशी रस्त्यावर, वाशीच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या वरचा माळ सोलरसाठी द्यायचा ठरत होता, भोवतीनं तारेचं कुंपण पडणार होतं. माळाच्या पलीकडं पाझर तलाव आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, चाळीस मेंढरं रोज त्याच माळावरून पाण्यावर जातात. कुंपण पडलं की वाट बंद. दुसरी वाट डांबरी रस्त्यानं, उसाच्या ट्रॅक्टरांमधून, लांबचा वळसा. आबा ऐंशीच्या घरातले. ते काठीवर जोर देऊन उठले.

"सोलर करा, म्या कुठं न्हाय म्हंतो? पर वाट सोडा. ती आमची जुनी वाट हाय. वर आमची वाडगी हायत, सात."

वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायला दगड रचून केलेला गोल. आमच्या मेंढपाळ लोकांचा पावसाळ्यातला मुक्काम पूर्वी तिथंच पडायचा.

"दगडं तर समद्या माळावर हायत, आबा," सरपंच म्हणाले. "तुमी पावसाळ्यापुरती आलेली माणसं. पुढं गावात ऱ्हायलात, आमी काय हाकललं का? पर हक्क कशाचा सांगता?"

आबा खाली बसले. मी शाळेत शिकवते, बोलायला घाबरत नाही, पण वाडगी तिथं आहेत हे दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माळावर जाऊन आले. खरं सांगते, मलाही नुसती दगडं दिसली. कुसळं, बोरीची झुडपं आणि दगडं. जवळून काही उमगत नव्हतं, म्हणून वरून बघायचं ठरवलं.

कळंबच्या एका वाचनालयाची मी सभासद आहे. तिथं पुस्तकांबरोबर दुर्बीण देतात आणि एक छोटा कॅमेऱ्याचा ड्रोनही देतात. पाव किलो साखरेच्या पुडीपेक्षा हलका. मला वाटलं सही केली की झालं. पण तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्याहून कडक. दोन रविवार त्यांनी मला मोकळ्या मैदानावर उभं केलं. पाती बोट फिरवून तपास, मनाईची जागा आहे का ते नकाशावर बघ, वारा असेल तर घरी जा. शंभर मीटरच्या खाली आणि कायम नजरेसमोर. माणसांच्या आणि जनावरांच्या डोक्यावरून कधीच नाही.

"अहो, एवढंसं तर आहे," मी म्हणाले.

"डोळ्यात गेलं की एवढंसंच पुरतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून उडवायला लावलं.

खरी अडचण गावात होती. तेव्हा आमच्या भागात ड्रोनची भलतीच धास्ती होती. रात्री आभाळात दिवे फिरतात, चोर आधी वरून घरं बघून जातात, असं जो तो सांगायचा. गावोगाव माणसं काठ्या घेऊन जागत होती. सरपंचांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, ते यंत्र उडवू नका. लोकांनी फोडलं तर माझी जबाबदारी न्हाय."

"तुमची नाहीच. माझी आहे," मी म्हणाले. "आणि मी चोर नाही. दिवसा उडवणार, सगळ्यांना सांगून उडवणार."

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. शनिवारी सकाळी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून मी स्वतः बोलले, "उद्या सकाळी आठ वाजता मी माळावर ड्रोन उडवणार आहे. आमची वाडगी शोधायला. ज्याला शंका असेल त्यानं यावं. पायात चप्पल घालून यावं, कुसळं लई आहेत."

निम्मा गाव आला. सरपंचही आले, हाताची घडी घालून. मी लोकांना मागं थांबवलं, सपाट जागा बघितली, पाती तपासली, उडवला. सगळे "आयला!" म्हणून माना वर करून बघत राहिले.

"खेळणं हाय बगा," सरपंच म्हणाले. "लगीनघरी असतंय तसलं."

तिथं माझं चुकलं. खेळणं काय, दाखवतेच तुम्हाला, असं मनात म्हणत मी तो चढाच्या पलीकडं रेटला. आणि पलीकडून नेमकी आबांची मेंढरं वर येत होती. एवढ्या गावाला मी भोंग्यावरून सांगितलं होतं, पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या आबांना "फोटो काढणार" एवढंच सांगितलं होतं. त्यांना वाटलं मोबाइलवर. ते भोंगा वाजायच्या आत मेंढरं घेऊन बाहेर पडतात, आणि कानानं कमी.

वरून घोंघावणारं काही आलं की मेंढरांना मोहोळ उठल्यासारखं वाटतं. ती बिथरली आणि ओढ्याच्या दरडीकडं पळाली. मला स्क्रीनवर आबा दिसले. त्यांनी खांद्यावरची गोफण काढली, एकदा फिरवली, आणि दगड कॅमेऱ्याच्या वीतभर अंतरावरून गेला. ऐंशी वर्षांचा हात! मी ड्रोन झटकन बाजूला घेतला, मागं वळवला आणि खाली उतरवला. मागं लोक शिट्ट्या मारत होते.

कुत्र्यानं मेंढरं दरडीच्या अलीकडं अडवली, तसे आबा धापा टाकत वर आले. "कुणाचं हाय हे?"

"माझं, आबा."

"तुजं? आन माज्याच मेंढरावर सोडलंस? गाभण हायत त्यातल्या चार! दरडीत पडल्या असत्या म्हंजी?"

सरपंच हसले. "घ्या. आता तर आबांनीच मनाई केली."

मला रडू येत होतं, पण मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आबांचं बरोबर आहे. जनावरांवर न्यायचा नाही हे मला शिकवलेलं होतं. माझी चूक झाली." मग मी आबांना कशासाठी उडवतेय ते नीट सांगितलं.

"मेंढरं बाभळीखाली नेतो," ते म्हणाले. "आन माजा दगड जातो तितवरच न्हे. त्याच्या म्होरं न्हाय." ग्रंथपाल बाई नजरेसमोर ठेवा म्हणायच्या, आबांनी त्याला माप दिलं.

मेंढरं लांब बसली, कुत्रं त्यांच्यापाशी. मी ड्रोन पुन्हा उडवला. आबा माझ्या शेजारी उभे राहून सांगत होते, "डावीकडं घे. अजून. आता वर." सकाळचं ऊन तिरपं होतं, दगडांच्या सावल्या पडल्या होत्या. आणि स्क्रीनवर एक गोल दिसला. मग दुसरा. लोक माझ्या खांद्यावरून वाकून मोजायला लागले. सात. सातांच्या मधून एक फिकट रेघ सरळ तलावापर्यंत गेलेली. ती वाट होती.

मग सरपंच म्हणाले, "गोल हायत. पर ते तुमचेच कशावरनं?"

आबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो तिसरा. ह्याच्या दारात उजव्या अंगाला काळा चपटा दगड हाय. आमी त्याच्यावर मीठ ठेवायचो, मेंढरं चाटायची. चाटून चाटून खळगा पडलाय. जावा, बगा. माजी आय ह्याच वाडग्यात बाळंत झाली. म्या जलमलो तिथं. आन तुमी मला इचारताय, तुजं काय हाय इथं?"

ड्रोन उतरवून सगळे तिकडं चालत गेलो. दारात उजवीकडं झुडपाखाली दगड होता. काळा, चपटा. आबांनी पाला बाजूला केला. मधोमध ओंजळीएवढा गुळगुळीत खळगा. सरपंचांनी वाकून त्यात हात घातला आणि हात तसाच ठेवून बसून राहिले.

ठराव, अर्ज, मोजणी, सगळं मागाहून झालं आणि त्यासाठी मी पुन्हा चार वेळा भांडले. वाचनालयात ड्रोन परत देताना मेंढरांचं खरं ते सांगितलं, तर बाईंनी मला तीन महिने ड्रोन बंद केला. बरोबरच केलं.

आबा मात्र ठरावासाठी थांबले नाहीत. त्याच सकाळी त्यांनी बाभळीकडं बघून हाळी दिली. चाळीस मेंढरं उठली आणि साती वाडग्यांच्या मधून पाण्याकडं निघाली. सरपंच वाटेतच उभे होते. आबा त्यांच्यासमोर येऊन थांबले.

"सरका," आबा म्हणाले. "वाट हाय ही."

सरपंच बाजूला झाले.