संतोषच्या नावापुढचा ठिपका

संतोष काल गेला. हार्ट अटॅक.

सकाळपासून ग्रुपवर फुलं टाकणाऱ्यांनीच त्याला मंडळाच्या कामातून हाकललं होतं. हे आज कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय.

महाडला स्टँडमागे आम्हा दोघांचा सायबर कॅफे होता. तिथे बसून त्याने आमच्या गावच्या मुंबई मंडळाची वेबसाइट केली. फुकट.

साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नावं लिहायची, प्रत्येकापुढे एक डॅश. त्याने लिहिलेला छोटासा प्रोग्राम, त्याची स्क्रिप्ट, त्या फाईलचं छान वेब पेज करायची.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. शिमग्याची पालखी आधी आम्हा मानकऱ्यांच्या दारात, मग बाकीच्यांच्या. डोंगरावरच्या धनगरवाडीत ती चढतच नाही.

संतोष त्या वाडीचा.

अध्यक्ष म्हणाले, "मानकऱ्यांच्या यादीला नंबर दे, सोनेरी चौकट दे. बाकीच्यांना ठिपका पुरे."

त्याने मुकाट्याने कंडिशन टाकली. मथळ्यात 'मानकरी' असेल तर नंबर आणि चौकट, नाहीतर ठिपका.

मग एकदा बाजाराला आलेल्या आईला कौतुकाने कॅफेत आणलं. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे यायचे.

"आपलं नाव कुठं हाय रे?"

त्याने बोट ठेवलं.

"त्यांच्याम्होरं आकडा हाय. आपल्याम्होरं नाय. हितं पण?"

तो तिला एसटीत बसवून आला आणि कंडिशन उडवली. सगळ्या गावाला नंबर, सगळ्यांना चौकट.

दोन दिवसांत मुंबईहून फोन. "संतोष, यादीत काहीतरी चूक झालीये."

"चूक आधी व्हती काका. आता काढली."

साइट काढून घेतली आणि अध्यक्षांच्या भाच्याला दिली. भाच्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने संतोषचीच जुनी, कंडिशनवाली स्क्रिप्ट परत चढवली.

ती अजून चालते.

आज मंडळाने 'दिवंगत सभासद' हे पान अपडेट केलंय. वर मानकरी, सोनेरी चौकटीत. खाली बाकीचे. सगळ्यात शेवटी संतोष.

पुढे ठिपका.

त्याच्याच हातच्या त्या कंडिशनने टाकलेला.

मंडळाची श्रद्धांजली मंडळालाच लखलाभ. त्याची आई वर वाडीत एकटी आहे. कोणाला खरंच वाईट वाटलं असेल तर चढून जा.

पालखी गेली नाही कधी. तुम्ही तरी जा.

रामराम, संतोष.