बावडीतली डागडुजी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गुडगावात सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. एका दिवाळीला पुण्याचं तिकीट शेवटपर्यंत वेटिंग लिस्टवरच राहिलं आणि पाच दिवसांची रजा हातात उरली. आमची घरमालकीण निवृत्त नर्स होती. आम्ही भाडेकरू मुली तिला आंटी म्हणायचो. माझा उतरलेला चेहरा पाहून ती म्हणाली, इथून जवळच, फर्रुखनगरला मोतीबिंदूचं शिबिर आहे, माणसं कमी पडतायत, चल माझ्याबरोबर. घरात एकटीनं बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेले.

तिथं एका धर्मशाळेत ओळीनं खाटा टाकल्या होत्या. ऑपरेशन झालेल्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, हाताला धरून मोरीपर्यंत न्यायचं आणि कुणी वाकत नाही ना ते बघायचं, हे माझं काम. माझ्या ओळीत एक म्हातारे गवंडी होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा आधीच गेलेला. सगळे त्यांना ताऊजी, म्हणजे मोठे काका, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. दुपारी मला दोन तास मोकळे असतात हे कळल्यावर ते म्हणाले, इथवर आलीस तर आमची बावडी बघून ये.

बावडी म्हणजे आपल्याकडची बारव. जुन्या वेशीजवळची ही बावडी आठ बाजूंची, सगळीकडून कमानी असलेली. मी पाच मिनिटांत बघून परतले आणि छान आहे म्हणाले. ताऊजींनी विचारलं, विटा कशा आहेत? मला सांगता येईना. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, उद्या परत जा.

दुसऱ्या दिवशी मी तिथं दोन तास बसले. विटा बोटभर जाडीच्या होत्या आणि त्यांच्यामधला चुना जुन्या हाडासारखा पिवळट. एका कमानीवर मात्र राखाडी ठिगळ होतं आणि त्याच्या कडेच्या विटा तडकल्या होत्या. परत येऊन हे मी ताऊजींना सांगितलं.

"ते माझं काम," ते म्हणाले. "चुना भिजवायला दिवस लागतात. लोकांना घाई होती, मलाही. मी सिमेंट भरलं. सिमेंट टिकलं, पण शेजारच्या विटा फोडल्या त्यानं."

त्यानंतर ते कधी तिथं उतरले नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांची सून बेसनाचे लाडू घेऊन आली. पहिला लाडू ताऊजींनी मला द्यायला लावला. घराबाहेरची माझी ती पहिली दिवाळी होती, आणि तो लाडू खाताना मला रडू आलं.

पट्टी निघाल्यावर, काळा चष्मा लावून, ते माझ्याबरोबर बावडीपर्यंत चालत आले. पायऱ्या उतरायची त्यांना मनाई होती. ते वर उभे राहिले, मी खाली उतरले.

"विटेला हात लाव. माती झडते का?"

"थोडी झडते. पण कमान पक्की वाटते."

"मग अजून वेळ आहे," ते म्हणाले.

होळीच्या आधी आंटी रुग्णांच्या तपासणीसाठी पुन्हा निघाली, तेव्हा मी न बोलावताच तिच्याबरोबर गेले. ताऊजींनी गावातल्या चार जणांना पटवून ते सिमेंट काढायला लावलं होतं. चुना स्वतः भिजवला होता आणि दोन तरुण गवंड्यांकडून तो भरून घेतला होता. मला ती कमान चटकन ओळखू आली नाही. हे ऐकून ते इतके खूश झाले की मला हाताला धरून घरी घेऊन गेले.

घरी चहा पिताना त्यांनी विचारलं, गुडगावात काचेच्या एवढ्या मोठ्या इमारती उठतायत, त्या कशा बांधतात? माझं ऑफिस तसल्याच एका इमारतीत होतं, पण मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. बघून येते, असं म्हटलं. पुढच्या सोमवारी पहिल्यांदाच गेटबाहेर उभी राहून मी ती वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि ऑफिसला उशीर झाला.