न मोजलेलं एक शेत

ऑफिसात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. अंगकाठीमुळे म्हणत की शर्टाच्या खिशातल्या पट्टीमुळे, हे विचारायचं त्याने वीस वर्षं टाळलं होतं.

वरच्या टेकड्यांवरून वाहून येणाऱ्या मातीने खालचं तळं अर्धं भरलं, तेव्हा त्या टेकड्यांचा नकाशा रंगवायचं काम फूटपट्टीकडे आलं. नियम सोपा होता. दहा मीटरांत जमीन मीटरभराहून जास्त उतरत असेल तिथे नांगर बंद, फक्त गवत. नकाशात हिरवा रंग. उतार कमी असेल तर पिवळा, म्हणजे पीक खुशाल घ्या, पण नांगर उताराला आडवा चालवा.

पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घेऊन तो तीन महिने टेकड्या चढला. राहिलं फक्त ताईचं शेत. ते त्याने खुर्चीत बसल्या बसल्याच हिरवं करून टाकलं. बहिणीला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

कच्चा नकाशा भिंतीवर लागला. हरकतीला आठ दिवस होते. सातव्या दिवशी ताई थेट त्याच्या टेबलासमोर.

"माझं शेत कधी मोजलंस रे?"

"त्यात मोजायचं काय? दिसतंच आहे, किती उभं आहे ते."

"दिसतं? या खिडकीतून? इथून तर नुसता सायकल स्टँड दिसतोय."

शेजारचा कारकून फायलीत तोंड खुपसून हसला.

"ताई, लोक काय म्हणतील..."

"लोकांची तोंडं झाकायला माझंच शेत सापडलं होय तुला? सगळीकडे गवत लावून आम्ही खायचं काय, तुझी पट्टी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो शेतावर हजर झाला. खालची काठी भाऊजींनी धरली. वरच्या अंगाला उतार निघाला एक मीटर तीस. "बघ, म्हटलं नव्हतं?" फूटपट्टीचा चेहरा खुलला.

"खाली उतर," ताई म्हणाली.

शेताच्या मधल्या मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला साठ सेंटीमीटर भरले. त्याने नळी झटकली, भाऊजींना काठी सरळ धरायला सांगितलं, पुन्हा मोजलं. साठच. तिसऱ्यांदा त्याचे कान लाल झाले होते.

दगडाच्या रेषेत त्याने खुंट्या ठोकल्या. वर गवत, खाली पीक. ताईने वरच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं. "तो गेलाच म्हणायचा."

"गेला."

"असू दे. मोजून गेला."

ऑफिसात परत येऊन त्याने खालच्या तुकड्यावरचा हिरवा रंग खोडायला घेतला. कागद पातळ होईपर्यंत खोडला, मग वर पिवळी पेन्सिल फिरवली.

कारकुनाने मान लांब केली. "बहिणीचं का?"

"हो," खोडरबराचा चुरा फुंकत फूटपट्टी म्हणाला, "तिचंच. आज मोजून आलो."